एरुपेरू

तेविसाव्या दिवशी मी पडते.
मागावरून उरलेल्या सुताला
न पिता गेलेल्या दिवसाची एक गाठ मारते रोज.
बावीस गाठी नीट येतात.
मग छाती दगडासारखी होते,
कांडी भरताना धागा तुटला तरी रडू फुटतं,
आणि दिवेलागणीला वडगावच्या बोळातून
पाय आपले आपण वळतात
दुकानाच्या मागच्या खिडकीकडे.

नव्वदचं पाकीट.
पोरांच्या सरबतासारखं, कोपरा दातानं फाडायचा.
पदराखाली मावतं, हेच त्याचं मोठेपण.

बुधवारी कॅम्पात, चर्चच्या मागच्या खोलीत
अकरा पुरुष बसतात आणि एक मी.
त्यांचे दिवस हायवेसारखे,
एकापुढे एक, मैलाचे दगड मोजत.
देसूरकर म्हणाले, "माझे नव्वद झाले."
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मला आधी पाकीटच आठवलं.
माझी पाळी आल्यावर "तुम्ही का पडलात?"
(हसू नका, बोलायची पाळी)
मी म्हटलं, "घरात जरा टेन्शन होतं."
दुसरं काय सांगणार अकरा जणांना?
की आमच्या मालकांच्या पिण्याला वार असतो, शनिवार,
आणि माझ्या पिण्याला तिथी?

ते निंगव्वा सिस्टरनं ओळखलं, सरकारी दवाखान्यात.
मी बीपी तपासायला गेले होते.
कनवटीतून सूत खाली पडलं.
"ही लाल गाठ कसली, अक्का?"
"ती... तीच."
तिनं बोटानं मोजलं.
लाल, बावीस पांढऱ्या, मग वीतभर कोरं.
लाल, एकवीस, कोरं.
लाल, बावीस.
"हार्मोन एरुपेरू आगतैति, अक्का."

एरुपेरू.
मला वाटलं, कुठलं तरी फळ.
तिनं हात वर नेला, सावकाश खाली आणला,
आणि तो खाली आलेला हात
तसाच टेबलावर ठेवला थोडा वेळ.
"इथं असताना अंग मागतं," म्हणाली मोडक्या मराठीत,
"तुम्ही वाईट नव्हं."

आठ वर्षं जिला मी माझी नियत समजत होते
तिला तारीख होती.

मग मी त्या पाच-सहा दिवसांवर पहारा बसवला.
लक्कव्वाला सांगितलं, संध्याकाळी मला सोडू नको.
तिनं कारण विचारलं नाही,
भाजी घ्यायला घेऊन गेली, गरज नसताना,
मंगाईच्या देवळाला लांबचा वळसा घालून.
पहिल्यांदा कोरी जागा आली नाही सुतावर.
अठ्ठावीस. चाळीस. एक्कावन्न.

पण लालही आली नाही.

सत्तेचाळीस पूर्ण झालीत मला.
ज्या दारावर पहारा होता
ते दारच कुणी उचलून नेलं भिंतीतून.
आता तेविसावा कुठला? कुठूनही येतो,
भर दुपारी, मागाच्या खटखटाटात,
मानेवरून वर चढतो जाळ होऊन.

रात्री तीनला उठले तर पोलकं भिजलेलं.
दारू सुटते तेव्हाही असाच घाम येतो,
मला माहीत आहे तो, पहिल्या आठवड्यातला.
मग हा कुणाचा?
सोडून कोण चाललंय नक्की?
दोघी एकाच रात्री निघाल्या असतील तर
दार उघडून द्यायला मी एकटीच.

ओट्यावर बसले, बादलीत पाय सोडून.
पलीकडे लक्कव्वाच्या घरात दिवा लागला.
सुताच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आली ती,
वारा घालू लागली, आधी मला, मग स्वतःला.
"मला बी होतंय की," एवढंच.

दिवस सरल्याशिवाय गाठ मारायची नाही,
हा माझाच नियम. आज तो मोडला,
ओल्या बोटांनी, पहाटे, आगाऊ एक.

सिस्टरला विचारायचं राहिलंय:
लाल नसेल तर मोजायचं कुठून?