नातं : इतर

बँकेच्या फॉर्मवर एक रकाना होता :
सहअर्जदाराशी नातं.
पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, इतर.
ओरिसियाने ‘इतर’वर खूण केली
इतक्या जोरात, की मागच्या पानावरही उमटली.

सोळा वर्षं आम्ही शाळेच्या बस चालवतो.
पहाटे साडेपाचला थंडर बेच्या डेपोत
शेजारीशेजारी इंजिनं तापवत,
एकाच थर्मासमधली कॉफी.
तेवढ्यावर कुणी घर घेतं का?
आम्ही घेतलं. राहायला नाही, भाड्याने द्यायला.
रेल्वे यार्डामागचं, वर एक बिऱ्हाड, खाली एक,
आणि तळघराचा जिना असा
की उतरताना मान आपोआप लवते.

दोन लाख चौऱ्याऐंशी हजार डॉलर.
वीस टक्के आधी आमचे, बाकीचे बँकेचे.
ओरिसियाने नवऱ्याची बोट विकली.
तो गेल्यापासून अंगणात ताडपत्रीखाली असायची,
दर हिवाळ्यात ही तिच्यावरचं बर्फ झाडायची.
गिऱ्हाईक आलं त्या दिवशीही झाडून दिलं.
मी माझी अकरा वर्षं आणली :
शनिवार-रविवार हॉकीची पोरं गावोगाव नेलेली,
त्यांच्या ओल्या मोज्यांच्या वासासकट.
तिचे साठ, माझे चाळीस.

वकील तरुण, टायला मोहरीचा डाग.
म्हणाला, घर तुमचं चाळीस टक्के,
कर्ज मात्र शंभर टक्के.
आणि ह्यांचंही शंभर टक्के.
एकीने पाय काढला, तर बँक दुसरीच्या दारात.
मी मनात बेरीज केली. दोनशे.
कुठलीही शाळा नापास करील असं गणित,
आम्ही त्याखाली सह्या केल्या.

मग त्याने विचारलं, दोघींतली एक गेली तर?
ओरिसिया म्हणाली, माझा हिस्सा भावाला.
तोच भाऊ, जो तिच्या नवऱ्याच्या मयतीला आला नव्हता.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
सरोवरात धान्याचं एक जहाज थांबलेलं होतं.
मला काय हवं होतं, ठाऊक नाही.
पण काहीतरी हवं होतं.

ओलावीमामा हसला होता :
भागीचं घोडं किवणानं मरतं, पोरी.
आमचं जानेवारीत मेलं.
उणे एकतीस. रात्री दोनला वरच्या कॅसिडीचा फोन :
रित्वा, भट्टी बंद पडलीय, बाळाचे हात गार झालेत.
मी पोचले तर ओरिसियाची गाडी आधीच दारात,
कोटाखाली नाइटगाऊन, तोंडात टॉर्च.
तिने फिल्टर ओढून काढला,
करड्या लोकरीची उशी झालेला.
मला वाटलं, तू बदलतेस.
मला वाटलं, तू.
ऑक्टोबरपासून.

आम्ही भांडलो, अगदी कुजबुजत,
कारण वर बाळ होतं.
साठ टक्के चूक तुझी, मी म्हणाले.
शंभर, ती म्हणाली. आणि तुझीही शंभर.
तेवढ्यात भट्टीने घसा खाकरला
आणि पत्र्याच्या नळ्या कडकड करत तापू लागल्या.
ऊब भाडेकरूंची होती,
तरी आम्ही बूट काढून पाय शेकले.

निघताना नव्या फिल्टरच्या कडेवर
तिने मार्करने तारीख लिहिली. खाली ‘ओ’.

मार्चात माझी पाळी.
आज गेले, तर तिथे आधीच नवा, पांढराशुभ्र,
आधीच तारीख,
आणि खाली, तिच्या हस्ताक्षरात, ‘रि’.

माझ्या हातात अठरा डॉलरचा फिल्टर,
खिशात पावती.
तिला फोन करून ओरडावं की गप्प राहावं,
ही पावती साठ-चाळीसमध्ये धरायची की नाही,
पायरीवर बसून ठरवतेय.