काळी वायर

सतरा नंबरचं गॅरेज, कॉव्हेंट्रीच्या कडेला.
शटर गुडघ्याइतकं वर, कारण फेब्रुवारी आत येतो खरा
पण पेट्रोलचा वास बाहेर जायला हवा.
ठोकळ्यांवर माझा लाल सांगाडा,
कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या फोर्डचं इंजिन,
आणि तीन खोकी, ज्यांवर कंपनीने छापलंय:
बाकीचं सोपं आहे.

बावीस वर्षं मी वायरी बांधल्या.
लांब फळी, फळीवर खिळे,
खिळ्याखिळ्याला वळसे घालत जाणारे रंग.
तपकिरी बॅटरीची, पांढरी किल्लीनंतरची,
काळी म्हणजे अर्थ.
माझ्या वाट्याला डावा मागचा दरवाजा.
दिवसाला चाळीस डावे मागचे दरवाजे,
अख्खी गाडी एकदाही नाही.
मग एका सोमवारी फळ्या ट्रकमध्ये चढल्या
आणि जिथे बोटं स्वस्त होती तिथे गेल्या.
आम्हाला एकेक घड्याळ मिळालं.
माझं अजून चालतं, मेलं.

आज पंप.
मुठीएवढा, टाकीच्या पोटाखाली
रबराच्या दोन कानांना टांगलेला.
जितका खाली तितका बरा:
ढकलायला तो राजी असतो, ओढायचं त्याच्या जिवावर येतं.
बॅटरीकडून फ्यूज, फ्यूजकडून रिले.
रिले मला आवडतो.
किल्लीकडून बारीकसा प्रवाह येऊन त्याच्या कानाला लागतो
आणि तो मोठ्याला सोडतो.
आमच्या फोरमनचंही तेच काम होतं,
फक्त तो एका क्लिकवर थांबत नसे.

‘ओढून बघ,’ गुरमेज म्हणते, उपड्या बादलीवरून.
तिचा उजवा पुढचा दरवाजा, माझ्या समोरच्याच फळीवर.
‘निसटायचं असेल तर आत्ताच निसटू दे.’
हेच ती नवऱ्याबद्दल म्हणाली होती, अठ्ठ्याऐंशी साली,
आणि तो निसटला.
मी प्रत्येक सांधा ओढून बघते.

किल्ली फिरवली.
रिले वाजला.
पंप नाही.

मीटर म्हणाला बारा पॉइंट चार,
म्हणजे वीज दारापर्यंत येऊन उभी.
फ्यूज पाहिला. रिले बदलला.
पंपाला, सांगायला लाज वाटते,
पान्याने दोन टोले दिले.
गुरमेजने थर्मासमधून चहा ओतला, बडीशेपेचा.
‘येणं दिसतंय तुला,’ ती म्हणाली. ‘जाणं कुठून?’

काळी वायर.
अर्थ. तोच लागत नव्हता.
मी तो बोल्टने आवळला होता, हात दुखेपर्यंत,
माझ्या सुंदर लाल रंगावर.
भट्टीत भाजलेला, चारशे पाउंडांचा रंग,
त्यातून काहीच आरपार जात नाही:
पाणी नाही, गंज नाही, वीजही नाही.
आमच्या फळीवर काळ्या वायरीचं टोक
नुसतं लोंबकळायचं खिळ्याखाली.
ते कुठे टेकतं ते बघायला
आम्हाला कुणी पाठवलंच नाही.

गुरमेजने टॉर्च धरला. मी नाण्याएवढा रंग खरवडला,
आधी हळू, जपून, जणू कुणाची कातडी,
मग राग आल्यासारखा.
खाली पोलाद. राखाडी, गार,
सोललेल्या बटाट्यासारखं उघडं.

किल्ली. क्लिक.
आणि मग बाटलीत सापडलेल्या माशीचा आवाज,
पारदर्शक नळीत बुडबुड्यांची धावपळ,
त्यांच्या मागून शांतपणे येणारं पेट्रोल.
आम्ही दोघीही काही बोललो नाही.
तिचा चहा टॉर्चवर सांडत होता.

राहिली शेवटची डबी: धडक बसली की पंप तोडणारी.
तळहाताने ठोसा मारला.
बटण टुणकन वर. सगळं गप्प.
‘अशी एक हवी होती आपल्याला,’ गुरमेज म्हणाली,
‘त्या सोमवारी.’
‘आणि बटण परत कुणी दाबलं असतं?’
तिने अंगठा पुढे केला आणि दाबलं.

‘मग? कुठे जायचं?’
स्टिअरिंग खोक्यात आहे, मी म्हटलं. सीटही.
तिने बादली उचलली, सांगाड्यात ठेवली,
उजवीकडे, पुढे, आणि बसली.
ती जागा माझी आहे, मी म्हटलं.
‘उजवा पुढचा,’ ती म्हणाली, ‘नेहमी माझाच.’
मी डावीकडे नळीवर टेकले.
या गाडीला दरवाजे नाहीतच.
पंप गुणगुणत होता. बंद करायला
दोघींपैकी कुणीच उठेना.