मुलाखतीच्या दिवशी

वाळपईहून पहिली कदंबा सव्वासहाला.
ती चुकली की पणजी चुकली.
म्हणून शाळेची किल्ली आदल्या संध्याकाळीच
जनाई वरककडे दिली.
धनगरवाड्यावरची. चौथीतली.
शाळेत माझ्याहून जुनी.

फाईलमध्ये डी.एड., बी.एड.,
पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला,
आणि तीन नेमणूकपत्रं,
जूनमध्ये उगवलेली, एप्रिलमध्ये वाळलेली.
मे महिन्यात मी बाई नसते,
मामाच्या बागेत बोंडं पिळते.

बाकावर, जिन्यात, पार्किंगमध्ये
आम्ही एकशे बारा. जागा तीन.
काणकोणची एक म्हणाली,
आमची शाळा मिटली गं,
आता तिथे मंडपवाल्याच्या खुर्च्या.
मी तिला पाण्याची बाटली दिली.
दुसरं काय देणार होते?

आत साहेब म्हणाले,
एकशिक्षकी ना? मग आज शाळेत कोण?
जनाई वरक, सर.
अनुभव?
चार वर्षं.
त्यांनी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फळा तसाच होता.
तारीख, वार, सुविचाराची जागा रिकामी,
खाली खडू दाबून दाबून:
पट अकरा, हजर दहा.

कोण नव्हतं रे काल?
सगळी होती, बाई.
मी बोटांवर मोजलं, परत मोजलं.
जनाई खिडकीशी उभी,
हात अजून खडूचे,
तिनं स्वतःला
मुलांत धरलंच नव्हतं.