हुषार

होनगेकरांच्या परसात आता पाणी आहे,
पिरनवाडीच्या लाल मातीत खोदलेलं,
निळ्या फरशीमुळं निळं दिसणारं.
मला बोलावलं ते कुंपणासाठी.
टेप, खडू, वही, आणि मागं इराप्पा
वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवून.

साहेबांना काच हवी.
'पाणी दिसलं पाहिजे हो, एवढा खर्च केलाय.'
बाईंना काच नको. पुसायची कुणी?
जावयानं पुण्याहून फोटो पाठवलाय,
जाळीचं, काढता-घालता येणारं,
पाहुणे आले की गुंडाळून ठेवायचं.
मी म्हटलं, पाहुणे येतात तेव्हाच तर
प्रत्येकाला वाटतं, पोरीकडं दुसरं कुणीतरी बघतंय.
कुणी काही बोललं नाही.
पोर, दोन वर्षांची, मिहिका,
माझ्या टेपचं टोक धरून उभी होती.

मग सांगितलं, मला येतं तेवढं.
उभे गज. आडवे नकोत,
आडवा गज म्हणजे पोराला शिडी.
दोन गजांत चार बोटं,
माझी नव्हेत, बाईंची.
उंची पाच फूट. फाटक पाण्याकडं ढकलून उघडायचं नाही,
आपल्याकडं ओढून उघडायचं,
आणि हात सोडला की त्यानं आपलं आपण मिटायचं.
कडीचा आवाज आला पाहिजे,
टक्.
स्वयंपाकघरात ऐकू येईल असा.

'पण घर जेलसारखं दिसेल,' साहेब म्हणाले.
उद्यमबागेत वीस वर्षं लोखंड कापतोय मी,
खिडक्यांची ग्रिलं, दुकानांची शटरं,
एकदा तर एकाच अंगणात
दोन भावांच्या मधोमध घालायची रेघ.
लोखंड कसं दिसतं
ते कुणासाठी घातलंय त्यावर असतं,
असं मनात आलं.
पांढरा रंग देऊ, एवढंच म्हणालो.

शनिवारी कुंपण उभं राहिलं.
तपासायला परशाला घेऊन गेलो,
माझा धाकटा, सहा वर्षांचा.
मच्छेच्या शाळेची भिंत, पेरूचं झाड, उभा टेम्पो,
त्याला चढता येत नाही असं गावात काही नाही.
'चढ,' म्हटलं.
हात घसरले. पाय घसरले.
गजांत डोकं घालून पाहिलं, कान अडले.
बाई हसल्या. साहेबांनी चेकबुक काढलं.
तेवढ्यात त्यानं कोपऱ्यातला डबा ओढला,
माझाच, पांढऱ्या रंगाचा, रिकामा,
पालथा घातला आणि वर उभा राहिला.

'हुषार! हुषार!' इराप्पा ओरडला.
त्याच्या कानडीत ते, जपून, सांभाळून.
परशाच्या मराठीत शाबासकी.
तो आणखी वर चढला.

कमरेला धरलं तेव्हा
त्याचं सगळं अंग पाण्याकडं ओढलं जात होतं,
पिकलेल्या पेरूकडं जातं तसं.

डबा उचलला. बाईंनी कुंड्या, वेताच्या खुर्च्या,
मिहिकाची तीनचाकी,
सगळं चार हात लांब सरकवलं.
साहेब म्हणाले, एक पाटी लावू या, 'कुंपणाजवळ काही ठेवू नये',
आणि मग कुठल्या अक्षरांत यावर थोडा वेळ अडले.
ज्यांच्यासाठी पाटी
त्यांना एकही अक्षर येत नव्हतं.

परतताना स्कूटरवर, पाठीला गाल टेकून,
परशानं विचारलं, 'अप्पा, आत कधी जायचं?'
गणेशपूरच्या कारखान्यात मागं एकदा काम केलं होतं
त्याची गोष्ट मी त्याला सांगायला लागलो.
झोपला बहुतेक.

घरी आलो. न्हाणीशेजारी आमचा हौद,
वर पत्रा, पत्र्यावर एक दगड.
दगड मी एका हातानं उचलला.
परशालाही उचलता आला असता.
पत्र्याच्या फटीत चार बोटं घालून बघितली,
तर कोपरापर्यंत हात आत गेला
आणि पाणी लागलं, गार.

होनगेकरांकडचे उरलेले गज
तीन होते.
अजून पाच लागतील.