शिसं

एव्हान्सव्हिलच्या मेन स्ट्रीटवर, रिव्होलीत मी शिरते
ती तोंडाला मास्क लावून, हातात बॅटरी,
छतात ॲस्बेस्टॉस किती आणि रंगात शिसं किती
एवढंच बघायला.
पाडायचं की ठेवायचं, ते ठरवणारे वेगळे.
मी चिमूटभर प्लॅस्टर घेते, पुडी बांधते,
पुडीवर नंबर घालते.

तिकिटखिडकीतला संगमरवर
नाणी सरकवून सरकवून वाटीसारखा झिजलाय.
खुर्च्यांवर बुरशी. पडद्याला खाली उजवीकडे
कुणीतरी पांढऱ्या दोऱ्याने घातलेले अकरा टाके.
डोअरकीपरसारखी मी बॅटरी पायाशी धरून चालते.
जागा दाखवायला कुणी नाही.

प्रोजेक्टरच्या खोलीत मात्र भिंत भरलेली.
एमिल ब्रिंकमायर, ऑपरेटर, १९३४ पासून.
शिसपेन्सिल. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.

*जाने. ३७. नदी आत आली. सहाव्या रांगेपर्यंत.
पियानो बाल्कनीखाली सापडला. कसा गेला, देव जाणे.*

*आज कार्बन दमट. पडद्यावरचा चंद्र चारदा विझला.*

*जून ४४. खेळ मधेच थांबवला. मॅनेजर खाली काय बोलला
ते वर ऐकू आलं नाही. सगळे उभे राहिले. मीही.*

*मुलगी झाली. तिसरं रीळ.*

*५३. अकरा माणसं. त्यातली दोन झोपलेली.*

या खोलीत यायला एकच जिना आहे,
मागच्या गल्लीतून. त्याला वेगळं दार,
वेगळी तिकिटखिडकी, मुठीएवढी.
पुढच्या काचेच्या दारातून ज्यांना घेत नसत
ते काळे लोक इथून वर जायचे, थेट शेवटच्या बाकांवर.
पायऱ्या मधोमध खोल गेल्यात.
माझा बूट त्या खळग्यात नीट बसला.
एमिल सत्तेचाळीस वर्षं याच जिन्याने चढला.
भिंतीवर त्याबद्दल एक अक्षर नाही.
मी पुन्हा शोधलं. गुडघ्यावर बसून, दाराच्या मागेसुद्धा.
नाही.

मग खाली, स्विचबोर्डाशेजारी:

*नोव्हें. ७२. रविवार सकाळ. भारतीय डॉक्टर लोकांनी हॉल घेतला.
डबे शिकागोहून बसने. चुकून दुसऱ्याआधी तिसरं रीळ लागलं.
कुणी ओरडलं नाही. रडायच्या जागी रडले.*

*मधे थांबवा म्हणतात. थांबवलं.
एक बाई जिना चढून चहा घेऊन आल्या. त्यात आलं.*

*रविवार. त्यांनी सांगायच्या आत थांबवलं.*

*बाईंनी नाव सांगितलं. लिहिता येत नाही.*
आणि पुढे त्याने खरंच प्रयत्न केलेला,
तीन वेळा, तीनदा खोडलेलं.
मी बॅटरी तिरपी धरली. पहिलं अक्षर व असावं.
वत्सला? वारणा? विंदा नव्हे खास.
खोडण्याखाली कागद असता तर फाटला असता.

*८१. ते आता येत नाहीत. म्हणे घरीच बघतात.*

*आज इंग्रजी सिनेमा. हात आपोआप गेला, मधेच थांबवला.
शिट्ट्या. शिव्या.
पाच मिनिटं तसाच बसून राहिलो.*

त्यानंतर कोरी भिंत.

नियमाप्रमाणे इथलाही नमुना हवा.
मी पटाशी काढते, जागा शोधते.
पुरावर नको. मुलीवर नको. त्या व वर तर नकोच.
शेवटी कोऱ्या भागातून, तळहाताएवढ्या अंतरावरून,
नखाएवढा पोपडा सुटतो.

अहवालात एका ओळीची जागा असते.
खोली सात, पश्चिमेची भिंत.
शिसं: आढळलं.