कवडी

धरणगावच्या जिनात आईनं एकतीस वर्षं
पट्ट्यावरून वाहत्या कापसातली कवडी वेचली.
किडकी बोंडं, पत्ती, सुतळीचे तुकडे,
एकदा कुणाच्या तरी कानातला डूल.
मुकादम म्हणायचा, सुपडाबाईच्या हाताखालून
काळं काही पुढं जात नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे
मेंदू काढला, अक्रोडासारखा,
आत ठिपके दिले. म्हणाले, या राखणदार पेशी.
मायक्रोग्लिया.
शब्दात माय आहे, म्हणून लक्षात राहिला.
चिकट गोळे साचतात,
त्या जाऊन गराडा घालतात, खातात.
पण काहींच्या जनुकात एक अक्षर फिरलेलं असतं.
मग पेशी असते, हात असतो,
हाताला फक्त कळत नाही
कचरा कुठला.

मी विचारलं, फिरलं कधी?
जन्माआधीच.
म्हणजे ती पट्ट्याशी उभी होती तेव्हाही.

तिच्याआधीची दोन मुलं गेली
म्हणून तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली
आणि मूठभर कोंडा देऊन परत विकत घेतली.
मरणानं बघावं, केर समजावं, पुढं जावं.
गेलं.
सत्त्याहत्तर वर्षं फसलं ते.

आता ती तांदूळ निवडते.
खडे ताटात ठेवते, तांदूळ अंगणात फेकते.
चिमण्या खूश आहेत.
डॉक्टर तेही म्हणाले होते: कधी कधी या पेशी बिथरतात,
चांगले जोडही खाऊन टाकतात.
आधी बाबांचं नाव गेलं, मग एरंडोलचा रस्ता,
मग मी.
"तू कोनी पोर शे वं माय?"
तुझीच, म्हणते.
ती हसते, नव्या शेजारणीला हसावं तसं.

हिलालनं रक्त द्यायला नकार दिला.
म्हणतो, कळून काय करू,
केळीला पाणी द्यायचं थांबवू?
मी दिलं. लिफाफा आलाय,
गव्हाच्या कोठीत ठेवलाय, कडुलिंबाच्या पाल्याखाली.
धोका म्हणजे निकाल नव्हे, असं डॉक्टर सांगतात;
ते अक्षर असूनही कोणी नव्वदीत उधारीचा हिशेब चोख ठेवतं,
नसूनही कोणी घर विसरतं.
मला पटतं. दुपारी पटतं.
रात्री मी भाच्यांची नावं, लग्नाची तारीख,
गॅसचा नंबर म्हणून बघते.

काल तिच्या केसांना तेल लावत होते.
तिनं एकदम माझा पदर धरला, उजेडाकडे नेला,
डोळे बारीक केले
आणि नखानं उचललं काहीतरी.
मला दिसलं नाही.
तळहातावर ठेवून बराच वेळ बघत राहिली,
टाकावं की ठेवावं.
मग माझ्या हातात दिलं.
तूच सांग, म्हणाली.

मूठ मिटून
मी एकाच हातानं उरलेलं तेल लावलं.