जुना पत्ता

एदुविना मान्सिया, वय एकावन्न,
चिलोए बेटावर शिंपल्यांच्या कारखान्यात, पट्ट्यापाशी उभी.
डाव्या हाताची करंगळी पाच वर्षांपूर्वी
त्याच पट्ट्यानं नेली.
जखम छान भरली. टाके सुबक. माझेच होते.

तरी ती येत राहिली दर हिवाळ्यात,
ओल्या लोकरीचा, लाकडाच्या धुराचा वास घेऊन.
म्हणायची, डॉक्टर, नाही ते बोट दुखतं.
बाही नुसती लागली तरी
वीज जाते नखापर्यंत.
कुठल्या नखापर्यंत? मी विचारायचो,
आणि कागदावर लिहायचो: मनाचा खेळ.
झोपेची गोळी, रात्री एक.

हे मी लिहिलंय. माझंच अक्षर आहे.

यंदा ती काही बोललीच नाही.
हात टेबलावर ठेवला,
बाजारात मासा ठेवावा तसा, घ्यायचा तर घ्या.
पेनाच्या टोपणानं मी तळहाताच्या कडेवर
टकटक करत गेलो, भिंतीतली पोकळी शोधावी तसा.
इथे? नाही. इथे? नाही.
इथे
ती खुर्चीसकट मागे सरकली.
वाटाण्याएवढी जागा.

तुटलेली नस मूर्ख नसते, एदुविना.
ती वाढत राहते, बोट शोधत.
सापडत नाही, मग स्वतःभोवतीच गुंडाळत बसते,
टोक हरवलेल्या लोकरीसारखी.
गुंत्याला धक्का लागला की
जुन्याच पत्त्यावर निरोप धाडते.
घर पडलंय, हे तिला कुणी कळवलेलं नाही.

गाठ वाईट आहे का?
नाही. कर्करोग नाही. निरुपद्रवी म्हणतात हिला.
एदुविना हसली. पाच वर्षांत पहिल्यांदा.
"निरुपद्रवी," ती म्हणाली, "कुणाला?"

आधी बधिरतेचं इंजेक्शन, थोडंसं, गाठीपाशी.
तिनं बाही खाली ओढली, वर केली, पुन्हा ओढली.
खिडकीबाहेर ओहोटीनं होड्या चिखलावर टेकल्या होत्या.
दोन तास, ती नंतर सांगत होती,
दोन तास करंगळी खरोखर गेलेली होती.

मंगळवारी गाठ काढली.
नसेचं टोक मोकळं सोडलं नाही,
शेजारच्या स्नायूत खोल नेऊन ठेवलं,
कुठलीच बाही पोचणार नाही अशा अंधारात.
पुन्हा होईल का? होऊ शकते, मी म्हणालो.
खोटा धीर द्यायची माझी सोय उरली नव्हती.

जुन्या ओळींवर रेघ मारता येत नाही, नियम आहे.
खाली लिहिलं, तारीख घालून:
रुग्ण पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती.

परवा तिनं मोजे आणून दिले. राखाडी,
नऊ बोटांनी विणलेले.
उजवा जरा घट्ट होतो.
मी घालतो.